एक जूनचे तिघे

...तर गुरुजींनी टाक दौतीत बुडवला आणि मान वर करून समोर बघितलं, तिथपर्यंत काल आलो होतो. समोर तीन आया आणि तीन पोरं. आचऱ्याच्या शाळेत नाव घालायचा दिवस. गुरुजी घाटावरचे, इथली बोली अर्धी त्यांना कळायची आणि उरलेली अर्धी ते अंदाजानं घ्यायचे.

"जन्मतारीख?" गुरुजींनी पहिलीला विचारलं.

"नारळी पुनवेच्या आदल्या दिसाक. सासऱ्यांनी समुद्राक घालूचो नारळ तसोच दारात टाकल्यानी नि वैजिणीक हाडूक धावले," ती म्हणाली. हा अप्पा.

दुसरीनं सांगितलं, "तरवो काढताना. शेतातच झालो. चिखलातलो तो, म्हणान असो काळो." भाताची रोपं उपटता उपटता जन्मलेला हा दाजी.

तिसरीनं आधी पोराचं नाक पुसलं. मग म्हणाली, "ह्येचो बापूस तेव्हा मुंबयत होतो. तेंका कागद घातलेलो. त्या कागदार तारीख आसा."

"मग कागद दाखवा."

"कागद मुंबयत."

हा हरिश्चंद्र. आपली गोष्ट ह्याची.

गुरुजींनी तिघांकडे एकदा बघितलं, सुस्कारा सोडला, आणि तिघांच्याही नावापुढे एकच तारीख लिहिली : एक जून. सहा वर्षं पुरी दिसायला ती सोयीची. टिपकागद दाबत ते म्हणाले, "आजपासून तुम्ही तिघे एकाच दिवशी जन्मलात. आता भांडायचं नाही." देशभर कितीक गुरुजींनी कितीक पोरांना असंच एक जूनला जन्माला घातलं. पण गुरुजींचं एवढं मनावर घेणारे हे तिघेच असतील.

अप्पाचा गळा लहानपणापासूनच सुरात लागायचा. आरतीत बाकीचे ओरडायचे, तो गायचा. दाजीच्या घरी आजोबांचा पखवाज होता. जेवायला बसला तरी त्याची बोटं ताटाच्या कडेवर चालायची आणि आई कालथ्यानं हातावर मारायची. हरिश्चंद्राच्या वडिलांनी मुंबईहून येताना एक मोडकी पेटी आणली. भाता फाटलेला, सात पट्ट्या मुक्या. अकरा वर्षांच्या हरीनं ती ओटीवर सगळी उकलून ठेवली. घरच्यांनी डोक्याला हात लावला. चौथ्या दिवशी पेटी जुळली, वाजली, आणि दोन स्क्रू उरले. ते दोन स्क्रू त्यानं पुढे साठ वर्षं जपले, दुकान घातल्यावर तिथे काचेच्या बरणीत. कोण विचारील त्याला तो सांगायचा, "ह्ये खंयचे ता अजून समाजला नाय. पण पेटी वाजता."

दुकान तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे. एक खुर्ची, एक काथ्याचा दोरा लावून बांधलेली लाकडी पायरी, भिंतीला ओळीनं भाते. भजनी मंडळांच्या आणि दशावतारी कंपन्यांच्या पेट्या, कुडाळच्या बाजारापासून इन्सुलीपर्यंतच्या, त्याच्याकडे यायच्या. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं पेटीच्या पितळी पट्टीला हिरवं चढतं आणि सूर घसरतो. बारीक कानशीनं किंचित घासायचं, फुंकायचं, ऐकायचं, परत घासायचं. ह्या कामाला डोळे कमी लागतात आणि कान जास्त.

अप्पा कुडाळच्या कचेरीत कारकून झाला. नोकरीच्या अर्जावर जन्मतारीख लिहिताना त्याला गुरुजी आठवले. संध्याकाळी तिठ्यावर येऊन तो म्हणाला, "अरे, सरकारान आमका तिघांक एकाच दिसाक जन्माक घातलेला आसा. मगे वाढदिवस पण एकाच खळ्यात होऊक व्हयो."

आणि तो झाला. दाजीच्या खळ्यात, माटवाखाली म्हणजे मांडवाच्या सावलीत, दुपारी चार ते दिवेलागण. दिवसही कसा नेमका! एक जूनपासून मासेमारी बंद, होड्या वर काढलेल्या, आंबा-काजू संपलेले, शेती अजून लागलेली नाही. सगळा गाव रिकामा. अप्पा गायचा, हरी पेटीवर, दाजी पखवाजाला, आणि झांजेला हाताशी येईल तो. अप्पाची बायको जानकी मागच्या पडवीत शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, काढायची आणि नारळाच्या रसात घालून सगळ्यांना वाढायची. एकदा एक पाहुणा म्हणाला, वाढदिवसाला केक कापतात. दाजीनं त्याच्यापुढे कोयती ठेवली आणि म्हणाला, "काप. फणस आसा."

सूर ठरलेला : पांढरी चार. पेटीवर गवयाचा सूर पट्टीवरून सांगतात. पांढरी चार म्हणजे पुरुषाच्या गळ्याला चांगलीच उंच. विशीतल्या अप्पानं ती पकडली आणि सोडली नाही. ज्या वर्षी तो एकतीस मेला निवृत्त झाला, त्या वर्षी एक जूनला रजेचा अर्ज न टाकता पहिल्यांदा गायला बसला, तेव्हाही पांढरी चारच. दाजी सकाळीच पखवाजाचे गट्टे ठोकून, कणीक लावून, त्या सुराला चढवून ठेवायचा. कुणी कुणाला विचारायचं नसे.

चार वर्षांपूर्वीच्या एक जूनला मात्र अप्पानं विचारलं.

बसता बसता तो पेटीवर वाकला आणि हळूच म्हणाला, "हरी, आज काळी एक दी."

काळी एक म्हणजे कितीतरी खाली. हरिश्चंद्र हसला. "म्हातारो झालंस काय रे? त्रेचाळीस वर्सां पांढरी चार, नि आज काळी एक? लोकां म्हणतली बुवाच्या गळ्याक घूस लागली."

"दी रे. गमजा नको."

"दाजीचो पखवाज चढलेलो आसा. तो उतरवीपर्यंत दिवेलागण जातली," असं म्हणून हरिश्चंद्रानं पांढरी चार दाबली आणि भाता ओढला. सूर खळ्यात उभा राहिला. अप्पानं त्याच्याकडे एकदा बघितलं. मग डोळे मिटले आणि गायला.

चांगला गायला, हेच तर वाईट. दोन अभंग झाले, पाणी प्यायला थांबले, परत सुरू झाले. गजराला लय चढली तेव्हा अप्पाचा वरचा सूर लागला आणि मध्येच तुटला. हरिश्चंद्राला वाटलं, दम घेतोय. त्यानं पेटीवर ती जागा भरून काढली, गवयाला आधार द्यावा तशी. दोन आवर्तनं तो वाजवत राहिला. मग दाजीचा हात थांबला, तेव्हा त्यानं मान वर केली. अप्पा गुडघ्यावर कपाळ टेकून बसला होता. गाडी करून कुडाळला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या दिवसानंतर हरिश्चंद्रानं स्वतःची पेटी उघडली नाही. चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवली. दुकान चालू ठेवलं, पोट कुठे जातं? पण एक जून आला की दुकानाला फळी लावून तो किनाऱ्याला जाऊन बसायचा. दाजी खळ्यात एकटाच पखवाज घेऊन बसे, दोन तुकडे वाजवी, आणि उठे.

अप्पाचा मुलगा गुरुप्रसाद कुडाळला शिक्षक. पहिल्या वर्षी त्यानं बॅनर करायला टाकला : जयंती आणि पुण्यस्मरण. छापणाऱ्याचा फोन आला, "सर, काहीतरी चुकलंय. दोन्हीकडे एक जूनच पडलंय. कोणती तारीख बदलू?" गुरुप्रसाद म्हणाला, "दोन्ही राहू दे." आणि शाळेच्या स्टाफरूममध्ये बसून रडला. हे हरिश्चंद्राला कळलं तेव्हा त्यानं त्या दिवशी जेवण टाकलं.

दाजी ह्या वर्षीच्या मे अखेरीस दुकानात आला. मुद्द्यावर तो कधी सरळ यायचा नाही. पायरीवर बसला, पानाचा डबा उघडला, बरणीतले दोन स्क्रू हलवून बघितले.

"अजून खंयचे ता समाजला नाय?"

"नाय."

"ते तुज्या डोक्यातले."

हरिश्चंद्र कानशीनं पट्टी घासत राहिला. दाजी थोड्या वेळानं म्हणाला, "हरी, एक इचारतंय. हडीच्या मंडळान तुज्याकडसून पेटी नेल्यानी. काल मी तेंच्यावांगडा वाजवूक गेललंय. सगळो सूर सोन्यासारखो. एकच जरा उतरलेलो. कुडाळच्या मंडळाची पेटी बघलंय, थंयसुद्धा तोच. बांद्यातल्या दशावतारवाल्यांची, थंयसुद्धा तोच. चार वर्सां जी पेटी तुज्या हाताखालना जाता, ती एकाच सुरार रडता."

कानशी थांबली.

"पांढरी चार," दाजी म्हणाला.

ते खरं होतं. हरिश्चंद्रालाही ते ठाऊक होतं, आणि नव्हतंही. बाकीच्या पट्ट्या तो दहा दहा वेळा ऐकायचा. ती पट्टी आली की एकदा दाबायचा, पटकन घासायचा आणि पुढे जायचा. तिच्यावर त्याला थांबवत नसे. तिथे थांबलं की खळं, माटव, आणि एकदाच त्याच्याकडे वळलेले अप्पाचे डोळे.

"मी थंय होतंय," दाजी म्हणाला. "तेनी मागल्यान, तू दिलंस नाय. मी आयकलंय. माज्या पखवाजाचा निमित्त झाला, माका काय कमी लागला? पण ह्या ठावक फक्त तुका नि माका. दोन तारखेक झील माका पनवेलीक नेता. गुडघे गेले, हंय रवाक देणत नाय. कुडाळाक गाडी. परत येतलंय काय नाय, देवाक ठावक. म्हणजे ह्यो एक जून शेवटचो. तू येतलंस?"

"नाय."

"बरा. मगे माज्या पखवाजाक तरी सांग, कोणासाठी वाजतलो," दाजी म्हणाला आणि गुडघ्यावर हात टेकून, दोन प्रयत्नांत, उठला.

तो गेल्यावर हरिश्चंद्रानं कानशी उचलली आणि परत खाली ठेवली. जाण्यात काय अडचण होती? दाजीचा शेवटचा एक जून म्हणजे जानकी तिथे असणार. शिरवाळे घेऊन मागच्या पडवीत. चार वर्षं तो तिच्या घरासमोरून खालमानेनं जातो. तिच्यासमोर पेटी वाजवायची म्हणजे सांगायला हवं, आणि सांगायचं कसं? तुझा नवरा सूर मागत होता आणि मी थट्टा केली, असं?

दुसऱ्या दिवशी जानकीच दुकानात आली. डोक्यावर पदर, हातात पिशवी, पिशवीत पाच-सहा आंबे. खुर्चीवर बसली नाही. पायरीवर बसली, दाजी बसला होता तिथेच.

"भावोजी, दाजींनी माका कायएक सांगूक नाय. इतक्याच म्हणाले, हरीक जाऊन इचार."

"वयनी, खुर्येत बस."

"बरी आसंय हंय. ह्या एक जूनाक तुमी येतलास काय?"

हरिश्चंद्रानं हातातली पट्टी खाली ठेवली. त्यानं चार वर्षांत हे वाक्य मनात हजारदा जुळवलं होतं. आता ते जुळवल्याशिवायच बाहेर आलं.

"त्या दिसाक अप्पान माज्याकडे काळी एक मागल्यान. मी दिलंय नाय."

"काय मागल्यानी?"

"सूर. खालचो. गळ्याक हलको पडणारो. मी हसलंय, तेका म्हातारो म्हटलंय. पांढरी चार दाबलंय नि तो गायलो. म्हणान तो..."

रस्त्यावरून एसटी गेली, तिची धूळ बसली. हरिश्चंद्राला वाटलं, आता जानकी उठेल, आंबे घेऊन जाईल, आणि ते बरोबरच होईल.

"तेंनी तोंडान मागल्यानी?" ती शेवटी म्हणाली.

"होय."

"काळी एक?"

"दोनदा मागल्यान, वयनी. दोनदा."

जानकीनं पदर तोंडावर धरला. हरिश्चंद्र उठला, माठातलं पाणी काढलं, तिच्यासमोर ठेवलं. तिनं ते उचललं नाही. पेल्याकडे बघतच ती बोलायला लागली.

"मे महिन्यातच डॉक्टरान सांगल्यान होता, गळ्याक जोर देव नको, काळीज दमला. माका झिलाची शपथ घातल्यानी, कोणाक सांगू नको म्हणान. तुमका, दाजीक, कोणाकच. त्या दिसाक सकाळी मी दारात आडवी बसलंय. म्हटलंय, गाऊक जातलास तर माज्या अंगावरना जावा. तर माका म्हणाले, 'जानके, हरीक सांगान खालचो सूर घेतंय. शब्द देतंय तुका.' तेव्हा उठलंय."

हरिश्चंद्र भिंतीला टेकला.

"नि मगे पडवीत बसलंय शिरवाळे काढीत, नि भायर पांढरी चार लागली. माका सूर कळना नाय काय, भावोजी? त्रेचाळीस वर्सां आयकलंय. माका वाटला, फसवल्यानी. खोटो शब्द दिल्यानी नि गेले. पाणी पिवक थांबले तेव्हा माका हाक मारल्यानी. मी आयकलंय. पण गेलंय नाय. रागान. दाजींच्या बायलेच्या हातात तांब्यो दिलंय. म्हटलंय, घरी येवंदेत, मगे सांगतंय."

तिनं आता पेला उचलला. एक घोट घेतला.

"चार वर्सां फोटोक फूल घालतंय. नि रोज फूल घालताना म्हणतंय, शब्द मोडलास तुमी. एक दीस चुकूक नाय." ती थांबली. "म्हणजे मोडूक नाय. मागल्यानी तेंनी. दोनदा मागल्यानी."

तिठ्यावर कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. हरिश्चंद्र म्हणाला, "वयनी, माका..."

"माफ कर म्हणा नकात," ती म्हणाली. "माका तुमचो राग येतलो. उद्या येतलो, परवा येतलो, आटवण इली काय येतलो. पण आज येणा नाय. आज माका माजो घोव खरो गावलो."

पिशवीतले आंबे तिनं पायरीवर काढून ठेवले, एक-एक.

"आणि एक सांगतंय. सासूबाय म्हणायची, ह्यो नारळी पुनवेच्या आदल्या दिसाचो. श्राद्ध आमी ज्येष्ठातल्या तिथीक घालतोव, पंचांग बघान. गुरुप्रसाद बॅनर लावता ता लोकांका दाखवूक. एक जून ना जन्माचो, ना श्राद्धाचो. त्या दिसाक तुमी तिघां सोडून कोण नाय. एक गेलो. दाजी दोन तारखेक जातले. तुमी घरात बसलास तर ह्यो दीस नायच. गुरुजींनी वहियेत लिवलेलो, तो वहियेतच रवलो."

हरिश्चंद्रानं माळ्याकडे बघितलं. चादरीचं एक टोक खाली लोंबत होतं. चार वर्षांत खाऱ्या हवेनं आतल्या पट्ट्यांचं काय झालं असेल, हे त्याला पेटी न उघडताही ठाऊक होतं. तीन दिवस हातात होते. भाता बघायचा, पट्ट्या एक-एक काढून घासायच्या, पांढरी चारसुद्धा, थांबून, नीट ऐकून.

जानकी उठली, पदर सारखा केला. दारातून वळून तिनं विचारलं, "मगे येतलास? पेटी वाजयतलास तर गातलो कोण?"

हरिश्चंद्र म्हणाला, "गातलो कोण ता मगे बघू, वयनी. पयली तू जाताना दाजीकडे जा नि तेका सांग, पखवाज आजच काळी एकाक उतरवन ठेव. तेका येळ लागता."